ऐदू म्हणजे पाच

मला तेलुगू येत नाही. सोलापुरात सत्तावीस वर्षं काढूनही येत नाही. तरीसुद्धा एका परीक्षेच्या अहवालात मी तेलुगूतल्या तीन शब्दांचा अर्थ लिहिला, त्यावरून एका परिचारिकेनं कॉपी केली असं ठरवलं आणि खाली सही ठोकली. त्या सहीमुळे त्या बाईंचं काय काय गेलं ते मला पुढे कळलं. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा बरे बरे अनुभव पुष्कळ आठवले. पण हा सोडून बाकीचे लिहिणं म्हणजे जखम झाकून पेशंटला पावडर लावण्यासारखं झालं असतं.

आधी मी कोण ते सांगतो. माझं गाव केम. नर्सिंग शिकायला सोलापूरला आलो तेव्हा गावात लोक वडिलांना विचारायचे, “पोरगा नर्स होणार व्हय?” आणि हसायचे. आमच्या धंद्यात पुरुषाला ब्रदर म्हणतात. चौदा वर्षं मी ‘दत्ता ब्रदर’ होतो, बहुतेक काळ पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात. मग पेशंट उचलता उचलता कमरेची गादी सरकली आणि डॉक्टरांनी उभं राहायचं काम बंद करायला सांगितलं. पुढचं शिक्षण झालं होतं म्हणून शिकवायच्या जागेवर गेलो आणि तिथून एका विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचा समन्वयक झालो. दत्ता ब्रदरचा ‘सर’ झाला.

आमचा अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्या परिचारिकांसाठी होता. बाहेरच्या लोकांना सगळ्या सिस्टर सारख्याच दिसतात, पण त्यांच्यातही पदविकावाल्या आणि पदवीवाल्या असा भेद असतो. बारावीनंतर तीन-साडेतीन वर्षांची पदविका करून, नोंदणी करून मुलगी कामाला लागते. पंधरा-वीस वर्षं काम करते. तिनं शिकवलेल्या मुली इन्चार्ज होतात, आणि हिला मात्र बढतीच्या वेळी पहिला प्रश्न येतो, पदवी आहे का? कॉलेजात जाऊन बसायचं तर नोकरी सोडावी लागते. म्हणून तास ऑनलाइन, प्रात्यक्षिकं स्वतःच्या रुग्णालयात, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी केंद्रावर हजेरी, अशी आमची सोय होती. साथीनंतर परीक्षाही घरून द्यायची पद्धत सुरू झाली.

तास सकाळी असायचे. निम्म्या बायका नाइट करून आलेल्या. कॅमेरा चालू ठेवा म्हटलं की पडद्यावर वीस चौकटींत वीस पेंगुळलेले चेहरे. कुणी भाकरी थापत ऐकतंय, कुणी एसटीत बसलंय. माढ्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या नंदा सिस्टर तर पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून तासाला यायच्या, कारण रेंज तिथंच.

“नंदा सिस्टर, कॅमेरा?”

“लावते की सर. पर मागं शेळी हाय. कुणी हसायचं न्हाय.”

कॅमेरा लागला. शेळी खरोखरच होती, आणि तिचं लक्ष सिस्टरपेक्षा जास्त होतं. त्या दिवशी मला शिकवणं जमलं नाही.

याच नंदा सिस्टरांनी हजाराच्या वर बाळंतपणं केलेली. आमच्या प्रात्यक्षिक वहीत मात्र नियम होता, की पाच बाळंतपणं पदवीधर परिचारिकेच्या देखरेखीखाली करून तिची सही घ्यायची. त्यांच्या रुग्णालयात पदवीधर एकच होती आणि तिला बाळाची नाळ कापायला नंदा सिस्टरांनीच शिकवलेलं. त्या मला फोनवर म्हणाल्या, “सर, हिचा हात धरून मी हिला शिकवलं. आता ही मला सही देणार? ती बिचारी माझ्यासमोर पेन उघडायला लाजतीया.” मी नियमाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “व्हय, नियम हाय ते मलाबी कळतंय. पर नियमाला काय कळतंय का बघा की एकदा.”

हे वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं.

आता सुवर्णा सिस्टर. नाव बदललेलं आहे. हे लिहू का असं मी त्यांना विचारलं, तेव्हा नाव बदलून लिहा म्हणाल्या, बाकी काही बदलू नका. सोलापूरच्या पूर्वभागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. वडील मागावर काम करून गेले, भाऊ टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर, आणि आई, अम्मा, विड्या वळणारी. सुवर्णा सिस्टर एका ट्रस्टच्या रुग्णालयात एकोणीस वर्षं नोकरीला होत्या. ट्रस्टनं नर्सिंगची शाळा काढायची ठरवली होती आणि तिथं शिकवायला त्यांना घेणार असं मेट्रननी सांगून ठेवलेलं. फक्त पदवी हवी होती. एकदा रविवारी चहा पिताना त्या म्हणाल्या, “सर, मला इन्चार्ज व्हायचं नाही. नव्या पोरींना शिकवायचंय. आम्हाला कसं शिकवलं, ओरडून ओरडून. मला तसं शिकवायचं नाही.”

माझ्या तासाला त्या मोजकं बोलत. पण एक प्रश्न लक्षात राहिला. मी पेशंटच्या नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवत होतो. नोंद चुकली तर खोडायची नाही, गिरवायची नाही, व्हाइटनर तर अजिबात लावायचा नाही. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, वर ‘चूक’ लिहायचं, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि तारीख-वेळ घालून सही करायची.

“सर, म्हणजे चुकलेलं खाली वाचता आलं पाहिजे?” त्यांनी विचारलं.

“आलंच पाहिजे. चूक दिसली तर पुढच्या पाळीचा माणूस सावध राहतो. लपवली की पेशंट मरतो.”

मोठ्या रुबाबात सांगितलं होतं मी.

परीक्षा घरून द्यायची म्हणजे काय, तेही सांगायला हवं. विद्यार्थिनी एका खोलीत एकटी बसते. संगणकाचा कॅमेरा आणि माइक चालू. प्रश्नाखाली उत्तराचे चार पर्याय, एक ते चार. तिनं दुसरीकडे पाहिलं आणि त्याच वेळी दुसरा आवाज आला की यंत्रणा लाल खूण करते आणि त्या वेळचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा वेगळा काढून समन्वयकाकडे पाठवते. समन्वयकानं तो पाहून तीनपैकी एक चौकट भरायची. आक्षेप नाही. खुलासा मागवावा. गैरप्रकार. पूर्ण चित्रफीतही असते, हवी तर पाहता येते.

सुवर्णा सिस्टरांच्या संशोधन आणि संख्याशास्त्राच्या पेपरात तीन लाल खुणा आल्या. पहिल्या तुकड्यात त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं आणि बाहेरून एका म्हातारीचा आवाज आला, “रेंडू.” दुसऱ्या तुकड्यात, “मूडू.” तिसऱ्यात, “नालुगू.”

पूर्वभागातल्या बाजारात भाजी घेता घेता मला रेंडू म्हणजे दोन आणि मूडू म्हणजे तीन एवढं कळायला लागलं होतं. नालुगू मोबाइलवर शोधलं. चार. मग त्या त्या वेळी पडद्यावर कोणते प्रश्न होते ते काढलं. पहिल्याचं उत्तर दुसरा पर्याय. दुसऱ्याचं तिसरा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र चौथा पर्याय नव्हता, आणि सिस्टरांनी चौथा निवडलाही नव्हता. ते मी असं निभावून नेलं, की इथं त्यांना नीट ऐकू आलं नसावं. वॉर्डात एखाद्या शिकाऊ मुलानं ताप जुळत नाही म्हणून आकडा वाकवला असता तर मी त्याला कोपऱ्यात घेतलं असतं.

मी तिसरी चौकट भरली. मधली भरली असती तर एक फोन करावा लागला असता, तेवढंच.

का भरली नाही? त्याच आठवड्यात परीक्षा विभागातल्या साहेबांनी मला सुनावलं होतं, “तुमच्या केंद्रावर एकही केस नाही, झोपता काय?” ते एक कारण. पण त्याहून लाजिरवाणं कारण दुसरं आहे. सुवर्णा सिस्टर माझ्या आवडत्या विद्यार्थिनी होत्या. आवडत्या विद्यार्थिनीलाही मी सोडलं नाही, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो, आणि त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडत होतो.

त्यांचे सगळे पेपर रद्द झाले आणि पुढची परीक्षा द्यायलाही बंदी आली. पत्राची प्रत नियमाप्रमाणे रुग्णालयात मेट्रनकडे गेली. चार दिवसांनी मला त्यांचा मेल आला.

“सर, घरात अम्मा विड्या मोजत होती. मीच तिला मोठ्याने मोजायला सांगितले होते. आपण कधीही घरी यावे व ऐकावे.”

त्यांचं घर माझ्या केंद्रापासून गाडीवर पंधरा मिनिटांचं. मी गेलो नाही. पकडलेला प्रत्येक जण काहीतरी सांगतोच, असं मनाशी म्हणालो, आणि उत्तर पाठवलं, “नियमानुसार कार्यवाही झालेली आहे.” त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. ओरडल्या नाहीत, कुणा पुढाऱ्याला घेऊन आल्या नाहीत. त्या गप्प बसल्या याचाही अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

काही महिन्यांनी नंदा सिस्टर केंद्रावर वही जमा करायला आल्या. वही टेबलावर ठेवली आणि उभ्याच राहिल्या.

“सर, त्या सुवर्णाचं लई वाईट केलं तुमी.”

“सिस्टर, पुरावा होता.”

“आसंल. माझी आतेबहीण त्याच दवाखान्यात हाय. तितं काय चाललंय ठावं हाय का? झाडलोटीच्या मावश्यासुद्धा टोमणे मारत्यात. ‘सिस्टर, गोळीचं नाव नीट वाचून घ्या हां, शेजारचं बघून लिवायची सवय हाय तुमाला.’ आन् त्यांनी बीपी लिवलं की दुसरी कुणीतरी जाऊन परत मोजतीया.”

याचा अर्थ मला कळत होता. नर्सच्या हातात दुसरं काय असतं? तिनं लिहिलेला आकडा. डॉक्टर त्या आकड्यावर औषध ठरवतो. एकोणीस वर्षं जिच्या आकड्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं, तिच्यामागून जाऊन दुसरी बीपीचा पट्टा बांधत होती. शाळेची जागाही तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती. पण मी नंदा सिस्टरांना म्हणालो, “वही पूर्ण आहे. या आता.”

त्यानंतर वर्ष गेलं. विद्यापीठानं नव्या पर्यवेक्षकांना शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. कॉपी ओळखायची कशी. हॉलमध्ये वीसेक तरुण शिक्षक बसलेले. नमुना म्हणून मी सुवर्णा सिस्टरांचीच चित्रफीत निवडली होती, चेहरा धूसर करून, नाव काढून. होय, तीच निवडली होती. तीन तुकडे लावायचे होते. गडबडीत बोट चुकलं आणि पूर्ण फीत सुरू झाली.

पंख्याचा आवाज. रस्त्यावरून गेलेली रिक्षा. आणि बाहेरच्या खोलीतून म्हातारीचा संथ, एका लयीतला आवाज. ओकटी. रेंडू. मूडू. नालुगू. ऐदू. मग थोडी शांतता. मग पुन्हा ओकटी.

मी थांबवायला गेलो, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या भाग्यश्री मॅडम हसल्या. पूर्वभागातल्याच, नुकत्याच लागलेल्या.

“काय झालं मॅडम?”

“सॉरी सर. आजीची आठवण आली. ही अम्मा विड्या मोजतेय की ओ. अशा पाच-पाच विड्या बोटांत धरायच्या,” त्यांनी पाच पेनं उचलून दाखवली, “एक मूठ झाली की ओकटी, दुसरी की रेंडू. पाच मुठी झाल्या की पंचवीस. ऐदू म्हटलं की कट्टा बांधायचा, दोरा आवळायचा. म्हणून मध्ये गप्प होते बघा. मग परत ओकटीपासून.”

हॉलमध्ये सगळे हसले. चांगलं, निर्मळ हसले. मग मॅडमनी अगदी सहज विचारलं, “सर, यात पाचवा पर्याय होता का?”

“नाही. चारच होते.”

“मग ऐदू कशाला सांगेल?”

त्यांचा टोमणा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मी कमरेचं दुखणं पुढे करून सत्र आवरलं.

दुसऱ्या दिवशी केबिनचं दार लावून, कानाला हेडफोन लावून, मी पूर्ण दोन तास ते ऐकलं. कागदावर रेघा मारत गेलो, वॉर्डात श्वास मोजताना मारायचो तशा. एकेचाळीस वेळा ऐदू आलं. यंत्रणेनं तीन तुकडे उचलले होते, तेही ऐदूच्या अलीकडचे. उरलेलं ऐकणं माझं काम होतं.

आणि आणखी एक गोष्ट दिसली. अम्माला दम्याचा त्रास होता. विडीच्या तंबाखूची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेली. मोजता मोजता मध्येच तिला खोकला यायचा आणि आकडे थांबायचे. आकडे थांबले की सुवर्णा सिस्टर प्रश्नावरून नजर काढून दाराकडे बघायच्या. आवाज पुन्हा सुरू झाला की नजर परत पडद्यावर. आकडे लिहिण्यासाठी त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं. आकडे येईनासे झाले की पाहत होत्या. ‘मीच तिला मोठ्याने मोजायला सांगितले होते.’ घरात दुसरं कुणी नव्हतं, भाऊ पाळीवर. आत परीक्षा, बाहेर पेशंट. त्यांनी अम्माला मोजायला लावून तिचा श्वास कानावर ठेवला होता. चौदा वर्षं मी हेच केलं होतं. दहा खाटांच्या मध्ये टेबलावर बसून लिहायचो आणि कान सात नंबरच्या घरघरीवर असायचा. घरघर थांबली की पेन टाकून पळायचो. हे ओळखायला मला तेलुगू यायची गरज नव्हती.

मी परीक्षा विभागातल्या साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत, मला वाचवायलाच बघत होते.

“हे बघा दत्तात्रय, उत्तरपत्रिका अजून आहेत. तपासून घेऊ. पास असतील तर सुधारित निकाल लावून टाकू. जुनं पत्र संगणकातून काढू. तुमचं नाव कुठंच येणार नाही. बाईंचंही काम झालं, तुमचंही झालं.”

मी हो म्हणालो. मी हो म्हणालो हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे.

उत्तरपत्रिका तपासल्या गेल्या. त्या चांगल्या गुणांनी पास होत्या. संख्याशास्त्रात तर वर्गात दुसऱ्या. मी त्यांना संदेश पाठवला, “आपला सुधारित निकाल लागला आहे. अभिनंदन.” दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. जेवताना बायको विचारायची, “कुणाच्या फोनची वाट बघताय?” मी काही नाही म्हणायचो. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी गाडी काढली.

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत अम्मा भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, सुपात विड्या. मला पाहून तिनं बोटं न थांबवता मान वर केली. “मूडू,” ती म्हणाली. मी बोलायला तोंड उघडलं, तर आतून सुवर्णा सिस्टर आल्या आणि हातानंच थांबा अशी खूण केली. नालुगू. ऐदू. अम्मानं कट्टा बांधला, दोरा दातानं तोडला.

“आता बोला सर. मध्ये बोललं की तिचा हिशेब चुकतो, मग पुन्हा पहिल्यापासून.”

“एवरू?” अम्मानं विचारलं. कोण?

सिस्टरांनी तेलुगूत काहीतरी सांगितलं. अम्मानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मराठीत म्हणाली, “तुमीच का ते? मोजणं ऐकायला बोलावलेलं, आला नाही की.” मग सूप पुढे ओढलं. “आता आला. बसा. चा पिऊन जावा.”

मी माफी पाठ करून गेलो होतो. ती म्हटली. लांबलचक होती, तिच्यात यंत्रणा होती, नियम होते, मनस्ताप होता. सिस्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आत जाऊन दोन कागद आणले. एक जुनं पत्र, घडीवर विरलेलं. दुसरा सुधारित निकालाचा छापील कागद.

“सर, यात कुठं लिहिलंय, पहिलं चुकलं होतं म्हणून?”

“सुधारित लिहिलंय ना.”

“सुधारित म्हणजे काय, कुणालाही वाटेल की बाईनं कुणाला तरी भेटून करून घेतलं. वॉर्डात तसंच म्हणायला लागलेत. आधी कॉपीवाली होते, आता वशिलेवाली झाले.” त्यांचा आवाज चढला नाही. “जुनं पत्र तुमी काढून टाकलं. हा व्हाइटनर झाला की ओ सर. तुमीच शिकवलं ना? चुकलेलं खाली वाचता आलं पाहिजे.”

अम्माचे आकडे चालू होते.

“मी काय करू?” मी विचारलं. चौकशी म्हणून नाही, खरोखरच विचारलं.

“माफी हितं नको. हितं मी आणि अम्मा. आमाला माहीतच आहे मी काय केलं नाही. जिथं मला म्हणतात, तिथं या. उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे. दोन वाजता ओव्हर असतो.”

ओव्हर म्हणजे पाळी बदलताना एका परिचारिकेनं दुसरीला सगळा वॉर्ड सोपवणं. जाणारी आणि येणारी दोघी खाटेखाटेजवळ उभ्या राहतात. जाणारी सांगते, हा पेशंट कोण, काय होतं, आपण काय केलं, काय करायचं राहिलं. जे चुकलं तेही तिथंच, सगळ्यांसमोर सांगायचं असतं. डोस द्यायचा राहिला, सलाइनची सुई शिरेबाहेर गेली, पेशंट पडला. लपवून घरी गेलात तर पुढची पाळी आंधळी राहते. माझ्या चौदा वर्षांत मी हजारो ओव्हर दिले असतील.

त्या संध्याकाळी मी साहेबांना लेखी पत्र दिलं. गैरप्रकाराचा अहवाल माझा होता, तो चुकीचा होता, खुलासा न मागवता दिला, हे सगळं त्यात होतं. त्याची प्रत रुग्णालयाला जावी आणि जुनं पत्र काढून न टाकता ‘चूक’ अशी नोंद घालून ठेवावं, असंही लिहिलं. साहेबांनी ते वाचलं. म्हणाले, “यापुढे परीक्षेचं काम हातात राहणार नाही बरं का.” ते राहिलं नाही. ठीक आहे. मी अजून शिकवतो, लाल खुणा माझ्याकडे येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला मी त्या वॉर्डात उभा होतो. कितीतरी वर्षांनी जंतुनाशकाचा तो वास आला. सकाळच्या पाळीच्या तिघी, दुपारच्या तिघी, दोन मावश्या, आणि मेट्रन. त्यांना सिस्टरांनीच बोलावलं होतं. सगळ्यांना वाटलं मी कुणा पेशंटचा नातेवाईक. सुवर्णा सिस्टरांनी एकेका खाटेचा ओव्हर दिला. अकरा खाटा. आवाज शांत, एकही आकडा कागदात न बघता. शेवटची खाट झाली. त्यांनी एप्रनच्या खिशातून ते घडीवर विरलेलं पत्र काढलं, टेबलावर सरळ केलं, त्यावर आपलं पेन ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. इतकी वर्षं मला सर म्हणणाऱ्या बाई म्हणाल्या,

“ब्रदर, तुमचा ओव्हर द्या.”

मी पेन उचललं. ‘गैरप्रकार’ या शब्दावर एक सरळ रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी. वर ‘चूक’ लिहिलं. तारीख घातली, वेळ घातली, दोन वाजून वीस मिनिटं, आणि सही केली. पाठ केलेलं भाषण डोक्यातून गेलं होतं. ओव्हर देतात तसा सरळ उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

“मी दत्ता ब्रदर. सुवर्णा सिस्टरांनी परीक्षेत कॉपी केली, असं मी लिहून दिलं होतं. त्यांनी कॉपी केली नव्हती. त्यांची आई बाहेर विड्या मोजत होती आणि या तिचा श्वास ऐकत होत्या. मी पूर्ण ऐकलं नाही. यांना विचारलं नाही. यांनी कळवलं तेव्हा खोटं धरलं, आणि चूक कळल्यावरही आधी लपवली. यांनी लिहिलेला आकडा आजवर बरोबर होता, माझाच चुकला. सिस्टर, मला माफ करा.”